अष्टमीचा दवाखाना

दिनू, तुझ्या शोकसभेत मी भांडलो. तू असतास तर पोट धरून हसला असतास, कारण तुझ्या जिवंतपणी तुझ्या बाजूने मी एकदाही भांडलो नव्हतो. भांडलो ते नेहमी तुझ्याशीच.

सभा पार्ल्यातल्या आपल्या नेहमीच्याच हॉलमध्ये होती, समितीच्या बैठका होतात तिथे. टेबलावर तुझा फोटो. तुझा एकट्याचा धड फोटो घरात नव्हताच, म्हणून लग्नातला कापून मोठा केलाय. सुधावहिनींचा खांदा एका कडेला राहून गेलाय, आणि हार घातला तरी तो झाकला जात नव्हता. एकेक जण उठून बोलला. तुला सेवामूर्ती म्हणाले, दीनांचा कैवारी म्हणाले. तू माझ्या शेजारी बसला असतास तर बरगडीत कोपर मारून विचारलं असतंस, "कोण रे हा दिनकर? ओळख करून दे एकदा."

शेवटी आपले अध्यक्ष नानासाहेब उठले. आवाज भरून आलेला, आणि तो खोटा नव्हता, हे मी त्यांच्यावर रागावलेलो असूनही सांगतो. ते म्हणाले, "डॉक्टरांच्या नावाने आपण इथे, स्टेशनजवळ, पक्का दवाखाना बांधू. संगमरवरी पाटी लावू. खाडीपलीकडची ती मढची दवाखान्याची खोली आता बंद करावी. डॉक्टरच राहिले नाहीत, तर रिकामी खोली कशाला सांभाळायची? त्या लोकांनी इकडे यावं. आता तिकडून बस सुरू झालीय. ज्याला गरज असेल तो येईल."

ज्याला गरज असेल तो येईल. लोकांनी माना डोलावल्या. मी कधी उठलो ते मला कळलं नाही. एवढंच आठवतं की खुर्ची मागे पडली आणि मी म्हणालो, "नानासाहेब, पोशा आला होता."

कोणाला काही कळलं नाही. पोशा कोण, हे त्या हॉलमध्ये दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक फोटोत होता.

आपण दोघांनी ती खोली पहिल्यांदा उघडली तो रविवार तुला आठवत असेल. वेसाव्याहून तरीने पलीकडे गेलो होतो. तुझ्या हातात बॅग, माझ्या डोक्यावर औषधांचं खोकं, आणि तू सारखा म्हणत होतास, "चिटणीस, खोकं भिजवू नकोस, तू भिजलास तर चालेल." समितीचा चिटणीस झाल्यापासून तू मला बाळ म्हणणं सोडूनच दिलं होतंस. मढला कोळ्यांनी आपल्याला जाळी ठेवायची खोली रिकामी करून दिली होती. भिंतीला सुक्या बोंबलाचा वास होता तो कधी गेलाच नाही. मी बाहेर फळा टांगला. "दवाखाना. दर रविवारी." अक्षर चांगलं आलं म्हणून मी मागे सरून बघत राहिलो.

पहिल्या रविवारी गर्दी झाली. दुसऱ्या रविवारी पोरं आणि म्हाताऱ्या. नंतरच्या एका रविवारी आपण दोघंच. आपण चहा घेतला, तू स्टोव्हवर सुया उकळल्यास, त्या कोणाला न टोचताच गार झाल्या. मी म्हणालो, "यांना नकोच आहे रे औषध. आपणच मागे लागलोय." तू स्टोव्ह विझवलास. त्या वेळी तुलाही थोडं तसंच वाटत होतं, हो की नाही? खरं सांग. आता तुला काय भीती आहे?

असे काही रविवार गेले. मग एका रविवारी हिराबाय आली, नवऱ्याला धरून. नवरा म्हणजे पोशा. त्याचा उजवा हात तिने लुगड्याच्या फडक्यात बांधला होता. तू फडकं सोडलंस आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो. बोटात माशाचा काटा रुतला होता, एवढंच. पण बोट पिकलं, मग पंजा, आणि आता हात कोपरापर्यंत सुजून काळपट पडला होता. तू आतून ओरडलास, "इतके दिवस काय करत होतात? बोट पिकलं तेव्हाच का नाही आलात?"

हिराबाय ओरडली नाही. नुसती बघत राहिली तुझ्याकडे. मग म्हणाली, "बुधवारी आलतो आमी. तुमचे दाराला कुलूप. बेस्तरवारी परत आलतो. कुलूप. रयवारी तुमी आलाव तवा ह्यो दर्यावर."

"मग रविवारी होडीवर जायचं नव्हतं! एक दिवस राहिला असता."

"उधान असला की होरी जाते. दर्याला रयवार कलत नाय, डाक्टर."

तू बॅग आवरायला घेतलीस. मी फळ्याकडे पाठ करून उभा होतो. तो चांगल्या अक्षराचा फळा.

मोठ्या हॉस्पिटलात पोशाचा हात कोपरापासून काढावा लागला. तू त्याच्याजवळ राहिलास, मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो, कारण तो सोमवार होता.

त्यानंतर तू किनाऱ्यावर जाऊन बसायला लागलास आणि जे गावातल्या पोरालाही ठाऊक होतं ते शिकून आलास. अमावास्या-पुनवेला पाण्याला ओढ असते, तेव्हा जाळी भरतात. मग पुरुष समुद्रावर, आणि बायका मासळीच्या पाट्या घेऊन बाजारात किंवा वाळवणावर. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावतं, त्याला ते भांग म्हणतात. होड्या किनाऱ्याला येतात, माणसं जाळी शिवतात, आणि तेव्हा कुठे कोणाला आपल्या दुखण्याकडे बघायला फुरसत होते. त्यांचा रविवार पंधरवड्यातून एकदा येतो आणि तो आपल्या रविवारी येईलच असं नाही. एवढी साधी गोष्ट. आपण औषधं नेली, सुया नेल्या, आणि दिवस मात्र आपला नेला.

तू बैठकीत सांगितलंस, "यापुढे दवाखाना अष्टमीला. शुद्ध आणि वद्य, दोन्ही."

केवढा हशा झाला होता! "डॉक्टर, दवाखाना आहे की सत्यनारायण? तिथी बघून?" "मग एकादशीला रोग्यांना साबुदाणा द्या." तूही हसलास. मग नानासाहेबांनी मुद्दा काढला की अष्टमी कधी मंगळवारी येणार, कधी शुक्रवारी, समितीच्या सभासदांना कामावरून येता येणार नाही, मग देखरेख कोण करणार? तू माझ्याकडे बघितलंस.

आणि मी म्हणालो, "चिटणीस म्हणून मी तटस्थ आहे."

तटस्थ! तटावर उभा राहणारा. त्या तटावर एका माणसाचा हात गेला होता आणि मी तटस्थ होतो.

दिनू, तुला वाटायचं मी नानासाहेबांना भिऊन तसं बोललो. नाही रे. कारण त्याहून हलकं होतं. रविवार हा माझा दिवस होता. आठवडाभर मी ऑफिसात दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारायचो. रविवारी तरीत उभा राहिलो, वारा लागला, डोक्यावर खोकं असलं, की मला वाटायचं आपणही कोणीतरी आहोत. तू दिवस बदललास आणि माझ्याकडून ते काढून घेतलंस. तू मढला जाणार आणि मी पार्ल्यात बसून पावत्या फाडणार. म्हणून मी वर्षानुवर्षं तुझ्याशी वाद घातला. निदान एक तरी रविवार ठेव, माणसांना सवय लावायला हवी, तुझी प्रॅक्टिस बुडतेय, तब्येतीकडे बघ. शेवटचा मुद्दा खरा होता, आणि तोही मी माझ्या रविवारासाठी वापरला.

तू जात राहिलास. तुझे पार्ल्यातले रोगी कुरकुरायचे, "डॉक्टर आज नाहीत? आज काय आहे?" आणि तुझा कंपाउंडर शांतपणे सांगायचा, "अष्टमी." काहींना वाटायचं तू देवीचा भक्त आहेस. परत आलास की माझ्या ओट्यावर बसून सगळं सांगायचास. बोटं कमी पिकायला लागली, कारण काटा रुतल्याबरोबर बायका दाखवायला यायच्या. तान्ह्या पोरांना खोकला झाला की आता तापल्या सळीने डाग देत नाहीत, तुझी वाट बघतात. वेसाव्याच्या धक्क्यावर दारूबंदीचा हवालदार तुझी बॅग उघडून बाटल्यांचा वास घेतो, आणि तू त्याला टिंक्चर आयोडीनचा घोट देऊ केलास. मी हसायचो. आणि मग म्हणायचो, "ते ठीक आहे, पण रविवारी..."

तुझे उपकार मानायचे तर कुठून सुरुवात करू? माझ्या मुलीला विषमज्वर झाला तेव्हा तू सकाळ-संध्याकाळ येत होतास. मी खिडकीतून हाक मारायचो आणि तू तुझ्या गॅलरीतून "आलो रे" म्हणायचास. डॉक्टर म्हणजे हाकेला ओ देणारा माणूस, असंच मला आयुष्यभर वाटत आलं. तो ज्यांच्या हाकेच्या टप्प्यात नाही त्यांचं काय होतं, हे मी पोशाचा हात बघूनही नीट समजून घेतलं नाही. मुलगी उठून बसली त्या दिवशी मी तुला नुसतं "बरं झालं" म्हणालो. एवढंच.

आपलं शेवटचं बोलणं तुझ्या गॅलरीतलं. तू आरामखुर्चीत होतास, चप्पल तशीच पायात, मढची वाळू तिला लागलेली. चेहरा उतरलेला. मी पुन्हा तेच सुरू केलं. तू डोळे मिटून ऐकत होतास. मग म्हणालास, "बाळ, तू एकदा अष्टमीला ये. मग बोल."

कितीतरी वर्षांनी तू मला बाळ म्हणालास.

"रजा मिळत नाही रे."

"मागितलीस कधी?"

वहिनींनी चहा आणला, विषय बदलला, मी घरी आलो. त्याच आठवड्यात तू गेलास. तो प्रश्न तिथेच, त्या खुर्चीत राहिला.

म्हणून मी शोकसभेत उभा राहिलो. पोशाची सगळी हकीकत सांगितली. कुलपाची, फळ्याची, माझ्या तटस्थपणाचीसुद्धा. आवाज चढत गेला. नानासाहेब म्हणाले, "चिटणीस, ही वेळ नाही."

मी म्हणालो, "हीच वेळ आहे. तुम्ही म्हणता ज्याला गरज असेल तो येईल. तो आला होता. दोनदा आला होता. कुलूप आपलं होतं. आता तुम्ही त्याच कुलपाला संगमरवरी पाटी लावताय."

"पण तिथे जाणार कोण? डॉक्टर आहे कुठे?"

"शोधू. नाही मिळाला तोवर मी जाऊन दार उघडीन."

"तुम्ही? तुम्ही काय करणार?" हे त्यांनी टोमणा म्हणून विचारलं नाही, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. मी म्हणालो, "दार उघडीन."

सभेनंतर सुधावहिनींनी मला घरी बोलावलं. तुझी बॅग माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "बाळभाऊजी, ही घेऊन जा. घरात दिसली की मला वाटतं आता ते चप्पल घालतायत." मग रडता रडता थोडं हसल्या. "आणि मोठ्याने बोललात ते बरं केलंत. हे असते तर म्हणाले असते, अखेर चिटणीसाला कंठ फुटला."

पुढच्या अष्टमीला मी ऑफिसात न कळवता दांडी मारली. पहिल्यांदाच. तरीत बॅग मांडीवर घेऊन बसलो तर तरवाल्याने माझ्याकडे नाही, बॅगेकडे बघितलं आणि पैसे घेतले नाहीत. त्याआधी वेसाव्याच्या धक्क्यावर दारूबंदीचा हवालदार भेटला होता. त्याने बॅग उघडायला हात पुढे केला, ओळखली, आणि तसाच मागे घेतला.

खोलीची किल्ली पोशाकडे असते हे मला ठाऊक होतं, पण ती तो गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात घालतो हे तू मला सांगितलं नव्हतंस. त्याने डाव्या हाताने कुलूप काढलं. आत सगळं झाडलेलं, स्टोव्ह पुसलेला. आणि बाहेर माणसं. दिनू, एवढी माणसं मी माझ्या एकाही रविवारी बघितली नव्हती. पुरुष, कामाच्या वयाचे, उन्हाने करपलेले. पदरात हात झाकून बसलेल्या बायका. मी उंबऱ्यात उभा राहून म्हणालो, "डॉक्टर गेले. मी डॉक्टर नाही. माझ्याकडून तुम्हाला काही होण्यासारखं नाही."

हिराबाय पुढे बसली होती. "आमाना ठावा हाय. सगल्या गावान रडून घेतला." मग मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "तू त्यो रयवारवाला ना?"

लोक हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार होतो?

"मंग बस. दार उघरा ऱ्हाऊदे. उघरा दिसला तरी माणूस येतो."

मी बसलो. जखमा धुवून बांधायचं तेवढं तू मला कधीकाळी शिकवलं होतंस, तेवढं केलं. बाकीच्यांना नुसतं विचारलं, काय होतंय, किती दिवस. उपाय नव्हता, पण प्रत्येक जण सांगत होता, आणि मला पहिल्यांदा कळलं की तू परत येऊन माझ्या ओट्यावर इतका वेळ का बोलायचास. तुझ्यात ते मावत नसे.

हिराबायच्या नातीला ताप होता, छाती भात्यासारखी उडत होती. थांबून राहणं शक्य नव्हतं. आम्ही तिला घेऊन तरीने वेसाव्याला आणि तिथून अंधेरीला गेलो, पोरीची आई, हिराबाय आणि मी. अंधेरीत एका नव्या डॉक्टरीणबाईंची पाटी दिसली, आत शिरलो. तरुण आहेत, बोलणं तुटक. पण पोरीला टेबलावर घेतल्यावर त्यांचा हात एकदम मऊ झाला. इंजेक्शन दिलं, पोरीला तिथेच ठेवून घेतलं. संध्याकाळपर्यंत धाप जरा कमी झाली. मग त्या माझ्यावर उखडल्या. "इतकी आजारी होईपर्यंत थांबलात? तिकडे डॉक्टर नाही का?"

"होता," मी म्हणालो. "माझा मित्र होता." आणि सगळं सांगितलं.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी येत जाईन. रविवारी मला सवड असते."

दिनू, मला हसू आलं. तशा वेळी, तशा जागी. बाई दुखावल्या. "यात हसण्यासारखं काय आहे?"

मी तोंड उघडण्याआधी हिराबाय म्हणाली, "बाय, दर्याला रयवार कलत नाय."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग कधी?"

"अष्टमीला," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, पान उलटलं. "पुढची अष्टमी गुरुवारी आहे. गुरुवारी माझा दवाखाना असतो." त्या बोट तारखेवर ठेवून उभ्या राहिल्या. "संध्याकाळचा असतो म्हणा. संध्याकाळच्या आत परत येता येईल ना?"

"आमी पोचवू," हिराबाय म्हणाली. "होरीवाले सगले घरीच असतान तवा."

नात आता बरी आहे. नानासाहेबांनी मढची खोली बंद करण्याचा ठराव बैठकीत ठेवलाय. चिटणीस म्हणून त्याखाली माझी सही लागते, आणि ती मी करणार नाही, हे त्यांना तोंडावर सांगितलंय. मला काढून टाका म्हणालो, दुसरा चिटणीस नेमा, त्याची सही घ्या. मग मढला या आणि पोशाच्या गळ्यातली किल्ली तुमच्या हाताने काढून न्या. पार्ल्यात तुझ्या नावाची पाटी खुशाल लावा, माझी हरकत नाही. पण मढच्या दारावर तुझं नाव कोणी लिहायचं नाही. तिथे मी स्वतः नवा फळा टांगलाय. अक्षर या खेपेला वाकडं आलं. "दवाखाना. अष्टमीला." एवढंच.

काल ऑफिसात साहेबांसमोर उभा राहिलो. साहेब रजेच्या अर्जाकडे बघून म्हणाले, "अष्टमी? काय, उपास सुरू केलात?"

"नाही साहेब. त्या दिवशी मढच्या होड्या किनाऱ्याला असतात."

"आणि हे काय लिहिलंय? दर अष्टमीला?"

"हो साहेब. वार कोणताही असो."

ते बघतच राहिले. देतील की नाही कोण जाणे. नाही दिली तरी मी जाणार आहे, हेही त्यांना सांगितलं. तुझ्या गॅलरीत ज्याचं उत्तर माझ्या तोंडून फुटलं नव्हतं, ते आता घे.

मागितली रे, दिनू. मागितली.